घ्यायचं होतं, पण घाई नव्हती

एक प्रश्न गेले काही महिने डोक्यात घोळतोय. आज शनिवार आहे, प्रॉडक्शन शांत आहे, तेव्हा इथे उतरवून टाकतो :)

ऑक्टोबर १९४९. माओंनी बीजिंगमध्ये नव्या चीनची घोषणा करून पंधरा दिवसही झालेले नाहीत आणि लाल सैन्यानं कँटन (आजचं ग्वांगझू) घेतलंय. सैन्य आणखी दक्षिणेला सरकतं. समोर एक छोटीशी नदी, आणि नदीपलीकडे हाँगकाँग. इंग्रजांचं राज्य. अफूच्या युद्धात चीनचं नाक कापून मिळवलेलं बेट, त्याला नंतर जोडलेलं कौलून, आणि त्यामागचा भाड्यानं घेतलेला मोठा पट्टा. चँग कै-शेकच्या प्रचंड फौजेला समुद्रापार पळवून लावणाऱ्या सैन्याला हा तुकडा कितीसा जड होता? फार तर काही दिवसांचं काम.

सैन्य नदीपाशी आलं आणि थांबलं. आणि मग जवळजवळ ४८ वर्षं चीन थांबूनच राहिला.

साम्राज्यवादाच्या नावानं रोज बोटं मोडणारा देश, स्वतःच्या दारात इंग्रजांचा युनियन जॅक आणि शेजारी मकावमध्ये पोर्तुगीजांचा झेंडा फडकत असताना गप्प बसतो. का? शाळेत आपल्याला हे कोणी सांगितलं नाही. (शाळेत आपल्याला चीनबद्दल एकच सांगितलं, १९६२. तेही दोन ओळींत.)

सरळ उत्तर म्हणजे पैसा. चौ एन-लाय यांच्या काळात हाँगकाँगसाठी जे धोरण ठरलं त्याचा मराठीत गाभा सांगायचा तर, लांबचा विचार करा आणि तोवर पुरेपूर वापरून घ्या. कोरियाच्या युद्धात १९५१ साली संयुक्त राष्ट्रांनी चीनवर व्यापारबंदी घातली, तेव्हा चोरट्या वाटेनं माल आत यायला हाँगकाँग आणि मकाव ही दोनच भोकं उघडी होती. पुढे चीनला परकीय चलन हवं होतं, तर तेही इथूनच. १९६२ पासून चीनमधून हाँगकाँगला जिवंत डुकरं, कोंबड्या आणि भाजीपाला घेऊन रोज तीन खास मालगाड्या यायला लागल्या. शहरानं खायचं चीनचं आणि पैसे मोजायचे पक्क्या चलनात. सोन्याची अंडी देणारी कोंबडी कापू नये, एवढी अक्कल कम्युनिस्टांनाही असते.

पण एवढ्यावर विषय संपत नाही. मला त्यातला पाण्याचा भाग जास्त रोचक वाटतो.

हाँगकाँगला नदी म्हणावी अशी नदी नाही. पाऊस साठवायचा आणि पुरवायचा. १९६३ साली पाऊस दगा देऊन गेला आणि शहरात चार दिवसांतून एकदा, चार तास पाणी यायला लागलं. आपल्या मराठवाड्यातल्या कुणालाही हे चित्र समजावून सांगायला नको. शेवटी चीनशी करार झाला. डोंगच्यांग नदीचं पाणी पंपांनी उचलून, टप्प्याटप्प्यानं वर चढवून हाँगकाँगपर्यंत आणायचं. १ मार्च १९६५ ला पाणी सुरू झालं. वर्षाला १५ अब्ज गॅलन, आणि अर्थातच विकत.

आता १९६७ बघा. चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती पेटलेली. तिची ठिणगी हाँगकाँगमध्ये पडली. प्लॅस्टिकच्या फुलांच्या कारखान्यातला संप, त्याचा दंगा, दंग्याचे बाँब. वर्षभरात ५१ माणसं गेली. ८ जुलैला सीमेवरच्या शा टाउ कोक गावात पोलीस चौकीवर पलीकडून गोळीबार झाला आणि पाच पोलीस मारले गेले. बँक ऑफ चायनाच्या इमारतीवरून लाउडस्पीकर लावून इंग्रजांच्या नावानं शंख चालला होता. सरकारनं त्यावर उपाय म्हणून समोरून त्याहून मोठ्या आवाजात संगीत लावलं. (खरंच! गणपतीतल्या दोन मंडळांसारखं.) त्यात पाऊस नाही. करारातलं पाणी ऑक्टोबर ते जून एवढंच यायचं, आणि जून संपला. सरकारनं जादा पाणी मागितलं. पलीकडून उत्तरच नाही. पुन्हा चार दिवसांतून चार तास.

सगळ्यांना वाटलं, आता नळ बंद तो कायमचा. असं झालं असतं तर सैन्याची गरजच नव्हती, शहर काही महिन्यांत गुडघ्यावर आलं असतं. ऑगस्टमध्ये तर बीजिंगमधली ब्रिटिशांची कचेरी रेड गार्ड्सनी जाळली. तापमान एवढं होतं.

१ ऑक्टोबर १९६७. ठरल्या तारखेला, ठरल्याप्रमाणे, पाणी सुरू झालं.

मला ही घटना कुठल्याही भाषणापेक्षा मोठी वाटते. रस्त्यावर बाँब फुटतायत, वर्तमानपत्रं आग ओकतायत, आणि पंपहाउसमधला कुणीतरी माणूस करारातली तारीख बघून व्हॉल्व्ह उघडतोय. जादा मागितलं तर गप्प बसायचं, पण ठरलेलं द्यायचं. शेजाऱ्याच्या मनात काय आहे ते त्याच्या घोषणांवरून कळत नाही, तो बिल कशाचं आणि कधी पाठवतो त्यावरून कळतं.

या गोष्टीत गोवा येतो आणि तोही भलत्याच ठिकाणी. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला. त्याआधी आपणही चौदा वर्षं थांबलो होतो. विनंत्या, निषेध, १९५५ चा सत्याग्रह आणि त्यावर झालेला गोळीबार, मग नाकेबंदी. महाराष्ट्रातून सेनापती बापटांपासून किती माणसं गेली ते घराघरांत माहीत आहे. मोहन रानडे तर गोवा स्वतंत्र झाल्यावरही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते. शेवटी सैन्य घुसलं आणि दीड दिवसात काम झालं.

बरोब्बर एका वर्षानं, डिसेंबर १९६२ मध्ये, क्रुश्चेव्ह मॉस्कोमध्ये भाषणाला उभे राहिले. क्यूबातून क्षेपणास्त्रं मागे घेतली म्हणून चीन त्यांना भित्रा म्हणत होता. त्यावर क्रुश्चेव्ह यांनी गोव्याचं नाव घेतलं. मतलब असा की भारतानं आपल्या अंगणातली वसाहत साफ केली, तुम्ही मात्र हाँगकाँग आणि मकावचा वास नाकाशी घेऊन बसलायत, आणि शौर्य आम्हाला शिकवता? नुकतंच हिमालयात आपल्याला हरवून गेलेल्या चीनला, भारताचं उदाहरण देऊन टोमणा! बाहेरच्या जगाला हे दोन कम्युनिस्टांचं भांडण, पण आपल्यासाठी त्यात एक बारीकशी फुंकर आहे.

चीनचं उत्तर ८ मार्च १९६३ ला पीपल्स डेलीमध्ये आलं. हे करार इतिहासानं आमच्या माथी मारलेले आहेत, आम्ही ते मानत नाही, वेळ येईल तेव्हा वाटाघाटींनी सोडवू, तोवर आहे तसं चालू द्या. आणि जाता जाता, झारच्या रशियानंही आमची बरीच जमीन अशाच करारांनी घेतली आहे, तीही फाईल उघडायची का? क्रुश्चेव्ह यांना काय म्हणायचं ते कळलं असणार.

तर चीनचा इरादा कधी लपलेला नव्हता. घ्यायचंय, हे नक्की. कधी, हे आम्ही ठरवू. पण यात आणखी एक कलम होतं, मोठ्यानं न बोललेलं, आणि माझ्या मते तेच सगळ्यात महत्त्वाचं. तोवर ती वसाहतच राहिली पाहिजे. दुसरं काही होता कामा नये.

१९५८ मध्ये चौ एन-लाय यांनी एका निवृत्त ब्रिटिश अधिकाऱ्यामार्फत लंडनला निरोप दिला होता की हाँगकाँगला सिंगापूरसारखं स्वशासन देण्याच्या दिशेनं काही केलंत, तर ते आम्ही शत्रुत्वाचं पाऊल मानू. ब्रिटिशांची ही कागदपत्रं खुली झाल्यावर २०१४ मध्ये त्याच्या बातम्या आल्या होत्या. हाँगकाँगमध्ये खऱ्या निवडणुका घ्यायचा विचार इंग्रजांनी महायुद्धानंतर केला होता आणि १९५२ मध्ये स्वतःच गुंडाळलाही होता, त्यामुळे त्यांनाही हा निरोप फार जड गेला नसावा. गव्हर्नर लंडनहून येणार, विधिमंडळात सगळे नेमलेले, आणि याला ना राणीची हरकत ना माओंची. साम्राज्यवाद्यांना आणि साम्राज्यवादविरोधकांना एकच व्यवस्था सोयीची होती. तिसरा पक्ष म्हणजे तिथे राहणारी माणसं. त्यांचं मत कोणालाच नको होतं.

१९७१ मध्ये चीनला संयुक्त राष्ट्रांत जागा मिळाली. १९७२ च्या मार्चमध्ये चीननं पहिल्या काही कामांत हे एक काम केलं: हाँगकाँग आणि मकावची नावं वसाहतींच्या यादीतून काढा, म्हणून पत्र दिलं. नोव्हेंबरात आमसभेनं ते मान्य केलं. वरवर ऐकायला छान वाटतं, ना? 'वसाहत' हा शिक्का गेला. पण त्या यादीत नाव असण्याचा अर्थ होता की एक दिवस इथल्या लोकांना, तुम्हाला काय हवं, असं विचारलं जाईल. डेटाबेसमधली एक रो डिलीट झाली आणि तिच्याबरोबर तो प्रश्नही.

विचारण्यावरून आठवलं. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात यायचं की केंद्रशासित राहायचं? आपल्याकडच्या पुढाऱ्यांना वाटत होतं गोवा येणारच. ३४ हजारांच्या फरकानं गोवेकर नाही म्हणाले. आमच्या घरात जुन्या पिढीला हे अजून खुपतं, पण मला त्या कौलाचं कौतुक वाटतं. भारतात यायचं की नाही हे १९६१ मध्ये कुणी मत घेऊन विचारलं नव्हतं, हेही खरं. पण निदान पुढचं विचारलं, उत्तर आपल्याला आवडलं नाही, आणि तरी ते पाळलं.

त्यानंतर तेराच दिवसांनी, २९ जानेवारी १९६७ ला, पोर्तुगालच्या दुसऱ्या वसाहतीत, मकावमध्ये, काय चाललं होतं? आदल्या डिसेंबरात एका शाळेच्या बांधकामावरून दंगल पेटली होती, गोळीबारात आठ माणसं मेली होती. पोर्तुगीज गव्हर्नर त्या दिवशी चिनी व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या इमारतीत गेला आणि माओंच्या तसबिरीखाली माफीनाम्यावर सही करून आला. त्या दिवसापासून मकावमध्ये झेंडा पोर्तुगीजांचा आणि शब्द चीनचा. १९७४ मध्ये लिस्बनला क्रांती होऊन नव्या सरकारला सगळ्या वसाहती सोडायच्या होत्या, तेव्हाही बीजिंग म्हणालं, आत्ता नको. मकाव आत्ता घेतलं तर हाँगकाँगचे गुंतवणूकदार घाबरतील ना! मालक चावी द्यायला दारात उभा, आणि घेणारा म्हणतो, सध्या तुमच्याकडेच ठेवा. वसाहतींच्या इतिहासात असं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. मकाव शेवटी २० डिसेंबर १९९९ ला परत गेलं.

मग हाँगकाँगचा मुहूर्त का निघाला? तारखेमुळे. वायटूके आठवतंय का? (मी तेव्हा बालवाडीत होतो, पण धंद्यातली दंतकथा म्हणून सगळ्यांना माहीत असतं.) १८९८ मध्ये इंग्रजांनी 'न्यू टेरिटरीज' हा मोठा पट्टा ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतला होता. मुदत ३० जून १९९७. विमानतळाची जागा, कंटेनर बंदर, बहुतेक कारखाने, सगळं त्या भाड्याच्या जमिनीवर. ९९ वर्षं म्हणजे कायमचंच असं समजून सही केली होती. आणि तारीख तर येतेच.

ती सगळ्यात आधी कुठे बोचली? गृहकर्जात. जमिनीचे पट्टे सरकारला २७ जून १९९७ च्या पुढे देता येत नव्हते. आता १९८२ साली १५ वर्षांचं कर्ज घेणाऱ्याचा शेवटचा हप्ता कुठे पडतो ते मोजा. बँकेनं कर्ज द्यायचं कशावर? आपल्यातले निम्मे लोक सध्या हिंजवडी नाहीतर खराडीच्या फ्लॅटचा २० वर्षांचा ईएमआय भरतायत, त्यांना यातली धडधड लगेच कळेल. म्हणून मार्च १९७९ मध्ये गव्हर्नर मॅकलहोज बीजिंगला गेले आणि डेंग शियाओपिंग यांच्यासमोर पट्ट्यांचा विषय काढला. वाटलं होतं, तांत्रिक बाब म्हणून पुढे सरकेल. डेंग म्हणाले, गुंतवणूकदारांना सांगा, मन निश्चिंत ठेवा. पट्टे मात्र वाढवून दिले नाहीत.

पुढचं बऱ्यापैकी माहीत असतं. सप्टेंबर १९८२ मध्ये, फॉकलंड जिंकून आलेल्या थॅचरबाई बीजिंगला गेल्या. आम्हाला वाटलं तर आज दुपारीच चालत येऊन हाँगकाँग घेऊ, असं डेंग यांनी सुनावल्याचं त्यांनीच आठवणींत सांगितलंय. वर्षभरानं बोलणी अडली आणि २४ सप्टेंबर १९८३ ला हाँगकाँग डॉलर कोसळून एका अमेरिकन डॉलरला ९.६० झाला. लोक दुकानांतून तांदूळ आणि टॉयलेट पेपर उचलत होते. ऑक्टोबरमध्ये दर ७.८० ला बांधला. आजही तो त्याच्याच आसपास बांधलेला आहे. त्याच उन्हाळ्यात गव्हर्नर म्हणाले होते की बोलण्यांत मी हाँगकाँगच्या लोकांचं प्रतिनिधित्व करतोय. बीजिंगनं लगेच दुरुस्त केलं, तुम्ही ब्रिटिश शिष्टमंडळाचे सदस्य आहात, बस. तीन पायांचं स्टूल आम्हाला मान्य नाही. २२ फेऱ्या झाल्या. १९ डिसेंबर १९८४ ला (हो, गोवा मुक्तीच्याच तारखेला) करारावर सह्या झाल्या. पन्नास वर्षं काही बदलणार नाही, असा शब्द.

दोन वर्षांपूर्वी मी आठ महिने हाँगकाँगला ऑनसाइट होतो. माझ्या टीममध्ये पन्नाशीच्या एक बाई होत्या, टेस्टिंग सांभाळायच्या. त्यांचे वडील १९६२ च्या मे महिन्यात, सीमेवरचे पहारे अचानक सैल झाले आणि हजारो लोक उपाशीपोटी डोंगर ओलांडून आले, त्या लोंढ्यात आलेले. वडिलांचं एक वाक्य त्या सांगायच्या: चिडायचं असेल तेव्हा चीड, पण नळ कुठून येतो ते लक्षात ठेव. १९८४ चा करार झाला तेव्हा त्या शाळेत होत्या. मी विचारलं, तेव्हा घरात काय बोलणं झालं? म्हणाल्या, बाबा म्हणाले पन्नास वर्षं म्हणजे खूप झाली, तोवर मी कशाला असतोय. मग थांबून म्हणाल्या, त्यांनी माझं वय मोजलं नाही. २०१९ बद्दल मी विचारलं तेव्हा त्यांनी अतिशय सभ्यपणे बिल्डचा स्टेटस विचारला. मीही पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांचा भाऊ २०२१ मध्ये कुटुंबासह मँचेस्टरला गेला.

३० जून २०१७ ला बीजिंगच्या परराष्ट्र खात्यानं म्हटलं की १९८४ चा करार हा आता एक ऐतिहासिक दस्तऐवज आहे, त्याला व्यवहारात अर्थ उरलेला नाही. ३० जून २०२० ला राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला. लोक म्हणतात चीननं शब्द फिरवला. मला वाटतं, १९५८ चा निरोप नीट वाचला तर फिरवाफिरवी तेवढी दिसत नाही. शहर आमचं, पैसा चालू राहू दे, आणि कारभार कोणी करायचा ते तिथल्या लोकांनी ठरवायचं नाही. मालक बदलला, अट तीच. माझा राग त्यामुळे एकट्या बीजिंगवर नाही, तो लंडनवरही आहे. दीडशे वर्षं मतदान न देता, जायच्या आधी पाच-सात वर्षं घाईघाईनं लोकशाही आठवणाऱ्या लंडनवर.

पन्नास वर्षं २०४७ मध्ये संपतात. २०१७ साली तिथे ३० वर्षांचं कर्ज घेतलेल्याचा हप्ता तिथेच येऊन टेकतो. या वेळी सरकारनं वाट बघितली नाही. २०२४ मध्ये कायदा करून, २०४७ ला मुदत संपणारे जमिनीचे बहुतेक पट्टे आणखी पन्नास वर्षांसाठी आपोआप वाढतील अशी सोय करून टाकली. बँका खूश आहेत. टेस्टिंगवाल्या बाईंनी त्या बातमीची लिंक मला पाठवली होती, खाली एकच ओळ लिहून: जमिनीचं झालं.